दुसऱ्या कडव्यानंतरची ओळ

३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्रास कारण तूच. फोन करणार होतो, पण आपला फोन प्रकृतीवर सुरू होतो आणि कोणीतरी तो आदळल्यावर संपतो. शिवाय आमच्याकडे फोन म्हणजे जाहीर सभा. आईला कमी ऐकू येतं असं डॉक्टर म्हणतात, पण जे ऐकू नये ते तिला बरोबर ऐकू येतं. म्हणून लिहितो आहे.

१८ मार्चला तिला ऐंशी पूर्ण होतील. घरी पंचवीस-तीस माणसं बोलावली आहेत, आत्यासुद्धा येणार आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर आईची रेकॉर्ड वाजवायची असं मी ठरवलं आहे. सहा बायकांच्या कोरसमध्ये दुसऱ्या कडव्यानंतर एकच ओळ एकटीने गायलेली आहे, ती आपल्या आईची. बाबांनी ही गोष्ट जन्मभर भेटेल त्याला सांगितली. आणि नेमक्या त्याच ओळीवर आली की सुई उडी मारते, कारण त्रेचाळीस वर्षांपूर्वी एक नऊ वर्षांची मुलगी कात्री घेऊन रेकॉर्डशी खेळत बसली होती. ती कोण, हे लिहायला नको.

रेकॉर्ड कुरिअरने पाठवली आहे. तुझ्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपखाली घालून बघ आणि ओरखडा भरून निघेल का ते कळव. आता तरी काहीतरी भरपाई कर.

मागच्या पत्रात तू 'परीस्थिती' लिहिलंस. 'रि' ऱ्हस्व. पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, पण तुझ्याएवढ्या चुका एका पानात कोणी केल्या नाहीत.

तुझा दादा

११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पार्सल मिळालं. तीन उशांचे अभ्रे आणि त्यावर एवढी चिकटपट्टी की उघडायला मला अर्धा तास लागला. हो, कात्रीनेच उघडलं. घाबरू नकोस, रेकॉर्ड जिवंत आहे.

पहिल्यांदा आणि शेवटचं सांगते, ती मी खराब केलेली नाही. हे मी नऊ वर्षांची असतानाही सांगत होते. तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता. आता आहे.

मी रोज मोडक्या वस्तू बघते. तुटलेले बोल्ट, झिजलेले गिअरचे दात, फुटलेल्या नळ्या. कशामुळे मोडलं, कुठून मोडलं, एका दणक्यात की हळूहळू, हे सांगायचा मला पगार मिळतो. रेकॉर्ड मात्र पहिल्यांदाच बघितली. वरून साधी काळी रेघ दिसते ना? पन्नासपट मोठी केली की ती दोन उतरत्या भिंतींमधली गल्ली होते. आणि ही गल्ली सरळ जात नाही. सगळ्या जणी जोरात गातात तिथे ती झिंगलेल्या माणसासारखी डोलत जाते, इतकी की शेजारच्या गल्लीला धक्का लागेल असं वाटतं. गाणं थांबतं तिथे गुमान सरळ चालते. माझा एक पांढरा केस आडवा ठेवून बघितला तर त्याच्याखाली अख्खी गल्ली झाकली गेली. धुळीचे कण म्हणजे रस्त्यात पडलेले धोंडे. तुझ्या घरात फडकं मारत नाहीत का कधी?

आता मुद्द्याचं. आईची ओळ सात-आठ सेकंदांची, म्हणजे तबकडीचे चार फेरे. शेजारशेजारच्या चार गल्ल्या मिळून नखाच्या जाडीएवढी पट्टी. खराबी बरोबर त्या पट्टीतच आहे. कात्री घसरली असती तर लांबट ओरखडा उठला असता, सुरुवातीला खोल आणि पुढे उथळ, दहा-वीस गल्ल्या कापत गेलेला. इथे ओरखडा नाहीच. तीन खड्डे आहेत. गोल बुडाचे, वरून सरळ दाबलेले, तिन्ही एकाच बाजूला कललेले. कडेचं प्लास्टिक वर उसळलं आहे. घसरल्याची एकही खूण नाही. कोणीतरी जागा हेरून, टोकदार काहीतरी घेऊन, तीनदा दाबलं आहे.

हे भरून निघत नाही. भिंतीच राहिलेल्या नाहीत.

बारकी

१७ फेब्रुवारी

प्रिय बारके,

दुरुस्ती मागितली तर तू निकालपत्र पाठवलंस. तुझं पत्र लाल खुणा करून परत पाठवतो आहे. बोल्टचा अभ्यास करून माणसं कळत नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तू रेकॉर्डजवळ बसली होतीस आणि कात्री तुझ्या हातात होती. नऊ वर्षांच्या मुलीने केली असेल चूक, आम्ही काय तुला फासावर देणार होतो? पण कबूल कर म्हटलं की तू भिंती आणि गल्ल्या सांगतेस.

मुद्दाम कोण करेल असं? आणि का? आईच्या आवाजाशी कोणाचं वैर होतं?

असो. तुझ्यावर विसंबून चालणार नाही हे माहीत असल्याने मी दुसरी सोय केली. जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या एका दुकानदाराकडे याच रेकॉर्डची दुसरी प्रत सापडली. तो ती थेट तुझ्याकडे पाठवेल. मायक्रोस्कोपखाली बघून माल चांगला आहे का एवढंच कळव. मत नको, अहवाल पाहिजे.

दादा

२२ फेब्रुवारी

दादा,

लाल खुणा मिळाल्या. चौदा. धन्यवाद.

'फासावर देणार होतो का' म्हणतोस. बाबांनी मला मारलं ते आयुष्यात एकदाच, आणि ते त्या दिवशी. शाळेच्या सहलीचं माझं नाव काढून टाकलं. त्यानंतर या घरात काचेची वस्तू कधी माझ्या हातात दिली नाही कोणी. माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना तू काय म्हणालास आठवतं? 'हिच्या हातात काही नाजूक देऊ नका.' सगळे हसले. सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की दोन वर्षं मला स्टीलच्या पेल्यातून चहा मिळत होता.

आता तू विचारतोस, मुद्दाम कोण करेल? बरं, मोजू. बाबा कामावर. मी शाळेत. आई स्वयंपाकघरात. उरलं कोण? परीक्षेचा अभ्यास आहे म्हणून घरी बसणारा एक पंधरा वर्षांचा दिवटा. त्याला सायकल हवी होती आणि बाबांनी सायकलीऐवजी रेकॉर्ड प्लेअर आणला. आठ दिवस तू बाबांशी बोलत नव्हतास. हे मी नाही, तूच मोठा झाल्यावर हसत हसत सांगायचास.

पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या चुकांवर लाल गोल काढताना तुला काहीच आठवलं नाही?

बारकी

२८ फेब्रुवारी

बाई,

हद्द झाली. माझ्यावर संशय? मी त्या दुपारी घरात नव्हतो. सायकल नाही म्हणून मित्राच्या सायकलवर फिरायला गेलो होतो, अभ्यासाची थाप मारून. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आज तुझ्यामुळे लिहावं लागलं. मी घरी आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. तू रडत होतीस, बाबा ओरडत होते आणि कात्री जमिनीवर पडली होती.

दुकानदार म्हणतो प्रत रवाना केली. बघ आणि कळव. बाकी काही लिहू नकोस.

दादा

६ मार्च

प्रिय दादा,

तू तेव्हा घरी नव्हतास यावर विश्वास ठेवते. संशय घेतला त्याबद्दल माफ कर. मात्र मग 'डोळ्यांनी पाहिलं' म्हणतोस ते काय पाहिलंस हे तुझं तूच तपास. आधी कात्री हातात होती, आता जमिनीवर आहे.

प्रत मिळाली. चांगली नाही. खूप झिजली आहे, नुसती खरखर ऐकू येते. वाजवू नकोस. दुसरं काहीतरी ठरव, आईला आवडणारी पाचपन्नास गाणी आहेत. मला त्या दिवशी यायला जमणार नाही. कारखान्यात बॉयलरच्या नळ्या फुटल्या आहेत आणि अहवाल माझ्याकडे आहे.

सोबत आईच्या गुडघ्याच्या पट्ट्यांचं खोकं पाठवते आहे. ते तिलाच उघडू दे.

बारकी

६ मार्च

आई,

हे पत्र पट्ट्यांच्या खाली ठेवलं आहे. दादा जवळ नसेल तेव्हा वाच.

दादाने तुझ्या गाण्याची दुसरी प्रत मिळवली आणि तपासायला माझ्याकडे पाठवली. मायक्रोस्कोपखाली ती लख्ख दिसते, एका भिंतीला साधा ओरखडासुद्धा नाही. शेजारच्या खोलीतल्या ड्राफ्ट्समनकडे रेकॉर्ड प्लेअर आहे. दुपारच्या सुट्टीत त्याच्याकडे बसून मी ती ऐकली. दुसऱ्या कडव्यानंतरची ओळ चार वेळा ऐकली.

तो आवाज तुझा नाही.

मी तुझ्या आवाजावर झोपले आहे, उठले आहे, पाढे पाठ केले आहेत. तुझा आवाज जाडसर. तो बारीक, टोकदार, भलतीच कोणीतरी आहे.

मग मी घरची रेकॉर्ड पुन्हा मायक्रोस्कोपखाली घातली. खड्डे गोल बुडाचे आहेत. पोती शिवायच्या दाभणाएवढे. आपल्या घरात दाभण फक्त तुझ्या डब्यात असायचं.

मी दादाला खोटंच लिहिलं आहे की प्रत खराब आहे. तू म्हणशील तर हे इथेच संपेल. पण आई, मी तिथे उभी राहून 'मी नाही केलं' म्हणत होते. तू भिंतीपलीकडे होतीस.

बारकी

११ मार्च

चि. बारकीस,

तुझं यंत्र मोठं वाईट आहे. आणि पट्ट्या लहान मापाच्या आल्या आहेत.

लिहायला बसले की हात कापतो, म्हणून थोडक्यात लिहिते. ती ओळ मलाच दिली होती. महिनाभर तालीम केली होती. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सकाळी दादाला ताप चढला. चार वर्षांचा होता, डोळे फिरवत होता. तुझे बाबा कामासाठी बाहेरगावी गेले होते. मी दुपारपर्यंत त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, ताप उतरल्यावर त्याला शेजारणीकडे ठेवलं आणि धावत गेले. दीड तास उशीर झाला होता. त्यांनी ओळ माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईला देऊन टाकली होती. मी मागे उभी राहून कोरसमध्ये गायले.

रेकॉर्ड आली. तिच्यावर कोणाचंच नाव नव्हतं, नुसतं 'सहगायन'. तुझ्या बाबांनी विचारलं, तुझी ओळ कुठली? इतक्या आनंदाने विचारलं की मी 'दुसऱ्या कडव्यानंतरची' म्हणून बसले. मग ते गावभर सांगत सुटले. तोंडातून गेलेला शब्द, तो काय परत येतो?

तेव्हा आपल्याकडे वाजवायला यंत्र नव्हतं. कधीतरी आत्याच्या घरी एकदा लावली, तीही गडबडीत. अकरा वर्षांनी तुझ्या बाबांनी रेकॉर्ड प्लेअर आणला आणि माझ्या गाण्याच्या बाईंना संध्याकाळी ऐकायला बोलावलं. त्यांनी मला आठ वर्षं शिकवलं होतं. त्यांना एका सुरात कळलं असतं. मी दुपारी रेकॉर्ड लावून जागा हेरली, सुई उचलली आणि दाभण दाबलं. तीनदा.

मग तू शाळेतून आलीस आणि कागद कापत नेमकी तिथेच बसलीस. तुझे बाबा घरी आले तेव्हा मी भांडी घासत होते. तुला मारलं तेव्हा मी नळ मोठा सोडला.

यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

१८ तारखेचं मी बघते. फक्त तापाचं दादाला कधी सांगू नकोस. जन्मभर लोकांच्या चुका शोधत आलाय तो. ही स्वतःची म्हणून धरून बसेल, आणि ती त्याची नाही. पोराला ताप येणं ही काय पोराची चूक असते?

तुझी आई

२० मार्च

प्रिय बारके,

तुझा अहवाल खोटा होता. तू वाजवू नको म्हणालीस म्हणून मी दुकानदाराला फोन केला, त्याने तेच गाणं तीन मिनिटांत मोबाइलवर पाठवलं. स्वच्छ. खरखर नाही, काही नाही. मी मनात म्हटलं, बारकीने सूड घेतला.

आता परवाचं सांगतो. सगळे जमले होते. मी छोटंसं भाषण केलं, बाबांची आठवण काढली आणि बटण दाबणार तोच आई म्हणाली, "थांब. ती ओळ माझी नाही."

मला वाटलं तिला भोवळ येते आहे. मी पाणी आणायला निघालो तर म्हणाली, "पाणी नको, खाली बस." आणि तिने सांगितलं. उशीर झाला, ओळ दुसरीला गेली, ती खोटं बोलली, गाण्याच्या बाई येणार म्हणून दाभण घेतलं. सगळं, एका दमात, समोर पंचवीस माणसं. कोणाला कुठे बघावं कळेना.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "वहिनी, आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आमच्या घरी लावली होती ना एकदा. तुमचा आवाज आम्ही ओळखत नाही का? तो आवाज तुमचा नव्हेच. मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं."

बारके, आई अशी भडकलेली मी कधी पाहिली नाही. काठी आपटून म्हणाली, "चोपन्न वर्षं माहीत होतं आणि तोंडातून शब्द नाही? मी चोपन्न वर्षं जीव मुठीत धरून जगले!"

आत्या म्हणाली, "आमचा भाऊ इतका खूश होता, त्याला सांगायचं कोणी?"

"आणि माझ्या पोरीने मार खाल्ला त्याचं काय?" आई म्हणाली. मग खालीच बसली. म्हणाली, "नाही, ते तुमच्याकडे नाही. ते माझ्याकडे आहे."

शेवटी माझ्या सुनेने केक कापायला घेतला. केक चांगला होता, असं म्हणतात. मी खाल्ला नाही.

आता माझं. मी पाच वाजता आलो आणि बाबा जे ओरडत होते ते ऐकलं. पाहिलं काहीच नाही. मग ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की मला दिसायलाच लागली. इतकी वर्षं दुसऱ्याचा मजकूर मुळाशी ताडून बघितला, आणि हे एक वाक्य मूळ न बघता छापत राहिलो. तुझ्या लग्नातसुद्धा. स्टीलच्या पेल्याचं मला माहीत नव्हतं. मी चुकलो, बारके. मोठा भाऊ म्हणून चुकलो.

लाल पेन मी कपाटात ठेवलं आहे. किती दिवस राहील सांगत नाही.

एकच गोष्ट मला कळत नाही. आई त्या दिवशी उशिरा का पोचली? महिनाभर तालीम केलेली बाई दीड तास उशीर कशी करेल? मी विचारलं तर म्हणाली, रस्त्यात अडकले. मला पटत नाही. तुला काही बोलली आहे का?

ती तुझ्याकडे यायचं म्हणते आहे. सोमवारी आणून सोडतो. तिच्या गोळ्यांची यादी सोबत देतो, आणि ती ऐकत नाही हे तुला माहीतच आहे.

तुझा दादा

२ एप्रिल

प्रिय दादा,

आई आठ दिवस इथे आहे आणि माझ्या घरातली एकही वस्तू आता जागेवर नाही. गोळ्या घेते, पण तुझ्या यादीच्या उलट्या क्रमाने. मी काही बोलले की म्हणते, "तुझं बरोबर आहे," आणि तसंच करते. वैताग आहे नुसता.

पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींशी पट्ट्या आणि पाणी याशिवाय बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती अचानक म्हणाली, "तू मला काहीतरी बोल, बारके. ओरड तरी." मी ओरडले. चांगली अर्धा तास ओरडले. नळाबद्दलही बोलले. ती ऐकून घेत होती. मग मला खोकला आला तर उठून पाणी आणून दिलं, काचेच्या ग्लासात. मी तो प्यायले आणि आम्ही दोघी रडलो. हे तू कोणाला सांगू नकोस, आत्याला तर नाहीच.

काल तिला प्रयोगशाळेत नेलं. स्टूल उंच आहे, दिवा डोळ्यांत जातो, इथे इतका तेलाचा वास का, सगळं झालं. मग तिने भिंगाला डोळा लावला. मी आधी खड्डे दाखवले. तिने बघितले आणि नुसती मान हलवली. म्हणाली, "पुढे घे." मी तबकडी सरकवून कोरसच्या जागी आणली, जिथे गल्ली डोलत जाते.

"यात सहा जणी आहेत?" तिने विचारलं.

"हो."

"रेघ तर एकच दिसते."

"सगळ्यांचे आवाज मिळून एकच रेघ होते, आई. वेगळ्या काढता येत नाहीत."

"म्हणजे मी काढून टाकली तर?"

"तर रेघेचं वळण बदलेल. ही अशी राहणार नाही."

ती बराच वेळ बघत राहिली. मागे ड्राफ्ट्समन ताटकळत उभा होता, त्याला फुटका व्हॉल्व्ह दाखवायचा होता. मी म्हटलं, आई, लोक थांबलेत. तर म्हणाली, "थांबू देत. मी काय रोज येते?" आणि मग, डोळा न काढता, तिने तो कोरस हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली. आवाज पार घोगरा झालाय, श्वास पुरत नाही. दुसरं कडवं संपलं. मला वाटलं आता थांबेल. नाही थांबली. ती ओळसुद्धा म्हणाली. ड्राफ्ट्समनने व्हॉल्व्ह खाली ठेवला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चूक कबूल केलीस, मला पोचली. आणखी लिहू नकोस, तुला ते शोभत नाही आणि मला सवय नाही.

तिला उशीर का झाला विचारतोस. मलाही तिने तेच सांगितलं, रस्त्यात अडकली. असेल अडकली. चोपन्न वर्षांपूर्वीचे रस्ते, कोण सांगणार? तू आता तिला त्यावरून छळू नकोस.

पुढच्या शनिवारी तिला न्यायला ये, आणि सकाळी लवकर ये म्हणजे जेवून जाता येईल. प्रकृतीला जप. ऊन वाढलंय, डोक्याला काही बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. तुला ऊन लवकर लागतं, लहानपणापासून.

बारकी